चिंचोळी एमआयडीसी : रसायनशास्त्र व मटेरियल सायन्सचे पदवी शिक्षण

चिंचोळी एमआयडीसी ही सोलापूर–पुणे महामार्गावरील, मोहोळ तालुक्यातील औद्योगिक वसाहत. सोलापूर म्हटले की चादर आठवते. पण रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या इथल्या मुलामुलींना चिंचोळी माहीत असते ती अमाइन आणि औषधी रसायनांसाठी. बालाजी अमाइन्स, बालाजी स्पेशालिटी केमिकल्स, स्मृती ऑरगॅनिक्स यांचे कारखाने येथे आहेत. दयानंद (स्थापना १९४०), संगमेश्वर, वालचंद ही शहरातील जुनी महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याचे केगावचे आवारही याच महामार्गावर आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातले अमाइनचे प्रकरण चिंचोळीत टनांच्या हिशेबात चालते. मेथॅनॉल आणि अमोनिया यांची वाफ सुमारे ४०० अंश सेल्सिअसला उत्प्रेरकावरून नेली की मोनो-, डाय- आणि ट्रायमेथिलअमाइन यांचे मिश्रण मिळते. समतोलाचा कल ट्रायकडे, तर बाजाराची मागणी मुख्यतः डायला. मग नको असलेला भाग पुन्हा रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायचा, किंवा उत्प्रेरकच बदलायचा. उत्प्रेरक म्हणून वापरायच्या काही जिओलाइटांची छिद्रे इतकी अरुंद असतात की ट्रायचा मोठा रेणू त्यांतून सहजी बाहेर पडत नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात ही रीत कारखान्यात आली. या टप्प्यावर रसायनशास्त्र कुठे संपते आणि मटेरियल सायन्स कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही.

डायमेथिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड तापवले की मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड तयार होते. रेणुभारांची बेरीज वहीत करून पाहावी : ८१.५ अधिक ८४.१, बरोबर १६५.६. एकही अणू वाया जात नाही. अ‍ॅटम इकॉनॉमी शिकवायला सोलापूरच्या शिक्षकाला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही. स्मृती ऑरगॅनिक्सच्या उत्पादनांत मेटफॉर्मिन आहेच.

मात्र ही अभिक्रिया कोणत्या भांड्यात करायची, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, ताण असलेल्या जागी तडे जातात. ३१६ प्रतीच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात ते मुख्यतः खड्डे रोखण्यासाठी. आम्ल तीव्र असेल तर आतून काचेचा थर दिलेला रिअ‍ॅक्टर लागतो. अमोनिया आणि अमाइन तांब्या-पितळेला खातात, म्हणून त्या लाइनवर पितळी व्हॉल्व्ह चालत नाही. एवढी साधी गोष्ट पदवीधराला पहिल्या शिफ्टमध्ये ऑपरेटरकडून कळावी, हे अभ्यासक्रमाचे उणेपण आहे. विद्यापीठात मटेरियल सायन्स शिकवले जाते ते प्रामुख्याने भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला, रसायनाच्या पदवीत क्षरण आणि स्फटिकरचना ही प्रकरणे येतात, पण कारखान्याशी त्यांचा धागा जुळत नाही. तो पदवीतच जुळवायला हवा.

चिंचोळीत प्रशिक्षणाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ गुणवत्ता नियंत्रणाच्या (क्यूसी) लॅबमध्ये टायट्रेशन करून परतू नये. प्रत्येक रिअ‍ॅक्टर, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह कशाचा आहे व तोच का निवडला, हे विचारून वहीत लिहून आणावे.