पिकांच्या अवशेषांपासून बायोगॅस : तापमानाचा परिणाम

पिकांचे अवशेष हवाबंद टाकीत कुजवले की मिळणारा बायोगॅस रोज किती निघेल, हे टाकीतल्या तापमानावर फार अवलंबून असते. या वायूत साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो. काही जिवाणू काडातले सेल्युलोज फोडून साखर करतात, काही तिची आम्ले करतात आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. थंडीने सगळेच मंदावतात, पण मिथेनजनक सर्वांत आधी. तापमान एकाएकी उतरले की आम्ल साचते, स्लरी (टाकीतले पातळ मिश्रण) आंबते आणि गॅस नीट पेटत नाही.

मध्यम तापमानात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांना ३५ ते ३७ अंश सेल्सिअस मानवते, तर उष्णताप्रिय गटाला ५५ अंशांच्या आसपास. वीस अंशांखाली गॅस बराच घटतो, दहाखाली जवळजवळ थांबतो. पंचावन्न अंशांवर काम लवकर उरकते, पण तिथले सूक्ष्मजीव दोन-तीन अंशांचा चढउतारही सहजी सोसत नाहीत, आणि नत्रयुक्त कच्च्या मालातून सुटणारा अमोनियाही उष्णतेत अधिक घातक ठरतो. मुख्य फरक पडतो तो वेगात. पुरेसे दिवस मिळाले तर ३५ अंशांवरही त्याच अवशेषांतून जवळपास तेवढाच गॅस निघतो. म्हणून लहान संयंत्रात जास्त उष्णतेपेक्षा स्थिर तापमान मोलाचे.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील डोणगावच्या परिसरात थंडीची अडचण ऋतुमानानेच येते. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) दिवाळीच्या सुमारास निघते, तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) हिवाळ्यात आणि हरभऱ्याचे कुटार हिवाळा सरताना. कच्चा माल हाताशी येतो तेव्हा रात्री थंड असतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शिवार रिकामे असते. कुटार कोरडे साठवून वर्षभर थोडेथोडे शेणात मिसळणे हाच यावर सरळ उपाय आहे. मात्र ते बारीक करून आणि भिजवूनच घालावे लागते; नाहीतर ते वर तरंगून साय धरते. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि तुराटीतले लिग्निन हे काष्ठद्रव्य हवेविना जवळजवळ कुजत नाही, आणि टाकी कितीही ऊबदार ठेवली तरी त्यात फरक पडत नाही. ही दोन्ही सरपणालाच बरी.

संयंत्राच्या रचनेतही हवामानाचा विचार असतो. जशभाई पटेल यांचे तरंगत्या टाकीचे संयंत्र खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीकारले. त्याची लोखंडी टाकी उघड्यावर असल्याने हिवाळी रात्री तिच्यातून उष्णता निसटते. १९८४ साली आलेले दीनबंधू संयंत्र विटांच्या घुमटाचे आणि जमिनीखालचे; भोवतालची माती त्यातल्या तापमानाचा चढउतार कमी करते. स्लरी टाकीत किती दिवस राहावी, हेही प्रदेशानुसार ठरते : उष्ण भागात ३० दिवस, मध्यम हवामानात ४०, डोंगराळ थंड भागात ५५. महाराष्ट्रासाठी ३० दिवस धरले जातात.

घरगुती दोन घनमीटर संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. थंडीत टाकीला ऊब देण्यासाठी, शेण आणि पाणी दोन्ही २० अंशांवर असताना पाणी ५० अंशांपर्यंत तापवून कालवले, तर मिश्रण सुमारे ३५ अंशांचे होते. एवढी उष्णता गॅस जाळून द्यायची तर, ती अजिबात वाया गेली नाही तरी, साधारण ०.३ घनमीटर गॅस खर्ची पडतो. सौर बंबाने तो पूर्ण वाचतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात हीच युक्ती पुढे नेली आहे : पहिल्या टाकीत सौर उष्णतेने तापवलेले पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रिय जिवाणूंकडून कचऱ्याचे प्राथमिक विघटन करून घेतात, मग तो मिथेनच्या टाकीत जातो.

उन्हाळ्यात वाढलेला गॅस मोजताना एक वजावट आवश्यक असते. तेवढाच वायू २० ऐवजी ४० अंशांवर सुमारे सात टक्के जास्त जागा व्यापतो, शिवाय त्यात पाण्याची वाफही अधिक असते.