घोडे चालवत न्या

साल १८६६. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, न्यू इंग्लंडमध्ये, कनेटिकट नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. अलीकडे व्हरमाँटमधलं विंडसर, पलीकडे न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश. यादवी युद्ध संपून वर्षच झालंय. पलीकडे जायला पूल नाही. १७९६, १८२४ आणि १८२८ असे तीन बांधून झाले, तिन्ही पुरात गेले.

चौथा पाहायचा तर नदी सोडून विंडसरबाहेरच्या कुरणात चला. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांची माणसं तिथे पुलाच्या बाजू जमिनीवरच जुळवताहेत. युक्ती मूळची इथिएल टाउन यांची, १८२० सालच्या पेटंटातली: फळ्या तिरप्या एकमेकींवर टाकायच्या आणि जिथे छेदतील तिथे लाकडी मेखा ठोकायच्या. गावच्या सुतारांना जमेल अशी ही जाळी. इथे मात्र फळ्यांऐवजी जाडजूड तुळया आहेत. वाका आणि एक खाच पाहा. तुळई तुळईत अशी बसलीय की मधे नखही जाणार नाही. सुमारे ४४९ फूट लांबीचा पूल, नदीच्या मधोमध एकच खांब, आणि खर्च नऊ हजार डॉलर.

आता काही वर्षं पुढे, ऐन हिवाळ्यात या. तुम्ही घोड्यांच्या घसरगाडीत बसलाय, कानटोपी खाली ओढून. पुलाच्या तोंडावरची पाटी बजावते: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. घोडे दुडक्या चालीने निघाले की सगळा पूल त्या ठेक्यावर हादरतो, म्हणून हा धाक. टोल भरा आणि आत शिरा.

अंधार. वारा एकदम पडतो. जनावरांचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो, फटींतून उजेडाच्या रेघा पडतात. गाडीखाली मात्र बर्फ आहे! वर छप्पर असताना बर्फ आला कुठून? माणसं लावून तो मुद्दाम पसरायचे, नाहीतर घसरगाड्या कोरड्या फळ्यांवर अडायच्या. बर्फ आत येऊ नये म्हणून छप्पर घालायचं आणि गाड्यांसाठी फावड्याने आत आणायचा, असा न्यू इंग्लंडचा हिवाळा.

मग छप्पर हवंच कशाला? ते तुमच्यासाठी नाहीच. ते त्या जाळीसाठी आहे. उघड्या लाकडी पुलाच्या सांध्यांत पाणी मुरतं आणि दहा-वीस वर्षांत तो कुजतो. छप्पर झिजलं तर बदलता येतं, जाळी बदलायची म्हणजे पूलच नवा बांधायचा. मला या पुलात सर्वांत मोठं वाटतं ते हे शहाणपण.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. १९३६ साली न्यू हॅम्पशायर राज्याने पूल विकत घेतला, १९४३ साली टोल संपला. १९८७ साली खिळखिळा झालेला पूल रहदारीला बंद झाला आणि सुमारे साडेचव्वेचाळीस लाख डॉलर खर्चून १९८९ साली पुन्हा उघडला. तिथे काँक्रीटचा पूल सहज झाला असता. लाकडाचाच राखला, हे फार चांगलं केलं.

बॉस्टनला लेकाकडे किंवा लेकीकडे जाणार असाल तर एक दिवस या पुलासाठी काढा. बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. आतून जा आणि जाळी पाहा.