क्लायंट-सर्व्हर प्रणाली : उभारणी आणि देखभाल

इंदूरमधील तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. श्री गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ची, तर देवी अहिल्या विद्यापीठ १९६४चे. तेथे काय किंवा अन्यत्र काय, पोस्टग्रेस्क्यूएलसारखा डेटाबेस बसवणाऱ्या नवशिक्याची अडचण एकच असते. सर्व्हर चालू असूनही शेजारच्या संगणकावरील क्लायंटला तो नकार देतो. दोष केबलचा नसतो. मूळ मांडणीत सर्व्हर केवळ स्वतःच्याच संगणकावरील विनंत्या ऐकतो. त्यासाठी नेटवर्कचा पत्ता नोंदवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा, प्रवेशाधिकार वेगळ्या फाइलमध्ये लिहावेत आणि फायरवॉलमध्ये ५४३२ क्रमांकाचे पोर्ट खुले करावे. सर्वांनाच मोकळीक देणे सोपे, पण घातक. देखभालीत बॅकअप सर्वांत दुर्लक्षित. परीक्षेचे गुण त्यात असतील, तर तो दुसऱ्या यंत्रावर परत चढवून पाहावा.