मेगरचा आकडा: हॉटेलच्या वायरिंगची गोष्ट

धरमपेठेतल्या कॅफेत बसा नाहीतर सावजीत रस्सा ओरपा, डोक्यावरच्या फॉल सीलिंगमधल्या वायरींकडे कोणाचं लक्ष जात नाही. आजचा भाग त्या वायरींवरच आहे. त्या तपासायचा नियम कधी आला, आणि नियम असूनही माणसं का गेली?

सुरुवात लंडनपासून. १८८२ साली विजेचे दिवे अगदी नवे होते. तेव्हाच तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेनं वायरिंगचे नियम काढले. त्यांचं शीर्षकच आगीचा धोका टाळण्याबद्दल होतं. पण वायर आतून खराब होतेय हे ओळखायचं कसं? १८८९ मध्ये सिडनी एव्हरशेडनं इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाचं पेटंट घेतलं. तेच पुढे ‘मेगर’ झालं. आजही आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन ‘मेगर मारून बघतो’ म्हणतो, ते हेच.

काम सोपं आहे. सप्लाय बंद करायचा, उपकरणं सोडवायची, आणि वायर व अर्थिंगच्या मध्ये साधारण ५०० व्होल्ट डीसी लावून आवरण किती रोध देतं ते मेगओहममध्ये मोजायचं. नव्या वायरिंगचा आकडा भरपूर येतो. मग किचनची उष्णता, तेलकट वाफ, ओल आणि उंदीर आपापलं काम करतात, आणि आकडा दरवर्षी थोडा घसरतो. दिवे मात्र लागतच राहतात, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही.

आता भारत. १९५६ साली दोन गोष्टी झाल्या. एक, भारतीय वीज नियम आले. त्यातल्या नियम ४६ नुसार ग्राहकाच्या वायरिंगची जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी करायची होती. दुसरी, रामपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या नागपुरात आलं. देशभरातले फायर ऑफिसर आजही इथेच शिकतात. म्हणजे आग लागू नये म्हणून नियम आणि लागलीच तर विझवणारी माणसं, दोन्हींची सोय एकाच वर्षी झाली.

पण ती पाच वर्षं दिवे-पंख्यांच्या काळातली. आजच्या रेस्टॉरंटमध्ये एसी, डीप फ्रायर, ओव्हन, फ्रीझर, साउंड सिस्टिम, सगळंच आलं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: दर महिन्याला नवं फीचर टाकायचं आणि टेस्ट पाच वर्षांतून एकदा. त्यात पुढे केंद्रीय नियमांनी ठराविक व्होल्टेजखालच्या जोडण्यांसाठी मालकानंच स्वयंप्रमाणपत्र देण्याची वाट उघडली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात जानेवारी-जुलैला ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. पण त्यात मुख्य भर आग विझवायच्या यंत्रणेवर, वायरच्या मेगर आकड्यावर नाही.

मग येतं १६ ऑक्टोबर २०१५. मुंबईत कुर्ल्याला ‘सिटी किनारा’ हॉटेल, दुपारची जेवायची वेळ. अग्निशमन दलाच्या चौकशीनुसार आग वायरिंगमध्ये सुरू झाली, गॅस सिलेंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचली आणि गॅस सुटून भडका उडाला. आठ जण गेले, बहुतेक जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. ते बसले होते त्या माळ्यावर ग्राहक बसवायला परवानगीच नव्हती. घरच्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं आणि प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायचा आदेश दिला.

कोणी म्हणेल, एमसीबी असते ना? असते, पण ती जास्त करंट गेला तरच पडते. ढिला जॉइंट नेहमीच्याच करंटवर तापत राहतो आणि एमसीबी गप्प बसते. आरसीसीबी गळती पकडते, पण ढिला जॉइंट तीही पकडत नाही. म्हणून बोर्ड उघडून जॉइंट बघणं, अर्थिंग मोजणं, मेगर मारणं, हे माणसानंच करावं लागतं. आणि एकच आकडा पुरत नाही. गेल्या वर्षी ५० मेगओहम होता आणि आज ५ आला, तर पास असूनही ती घंटाच आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या मामाचं हॉटेल असेल, कोणा मित्राचा कॅफे असेल, तर एवढंच विचारा: ‘मागचा टेस्ट रिपोर्ट कुठाय, आणि त्याच्या आधीचा?’ नवं मशीन लावलं की पाच वर्षं थांबू नका, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडली, तर बदला. कुर्ल्याच्या त्या पोरांचं वय तुमच्या-माझ्या आसपासच होतं, आणि ती फक्त जेवायला गेली होती.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा.