भिंतीवरचा हात

नंदुरबार जिल्ह्यात घराची भिंत कोणी रंगवायची, हे भिंत कशाची आहे यावरून ठरत आले आहे. जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण त्याची भूमी फार पूर्वीपासून दुहेरी आहे. तापीच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीची सपाटी, तर उत्तरेला थेट नर्मदेला भिडणारा सातपुडा. सपाटीवर जाड मातीच्या भिंती आणि वर खाऱ्या मातीचे धाबे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात बांबूचा कूड, त्यावर लिंपण आणि वर कौले किंवा गवत. दोन्हीकडे भिंत मातीची. त्यामुळे तिची निगाही घरच्याच हातांनी राखली.

मातीची भिंत एकदा रंगवून विसरता येत नाही. पावसाळ्यात तिच्यावर ओल चढते, उन्हाळ्यात भेगा पडतात, उंदीर-घुशी कोपरे पोखरतात. म्हणून माती चाळून, तीत भुस्सा व शेण कालवून आधी भेगा बुजवायच्या, मग शेणकाल्याने सारवायचे आणि वर पांढऱ्या मातीचा किंवा गेरूचा पातळ हात द्यायचा, असा क्रम असे. यातला भुस्सा मातीला धरून ठेवतो आणि शेणातले तंतू बारीक भेगा पडू देत नाहीत. साधन म्हणजे हाताचा पंजा आणि जुन्या कापडाचे पोतेरे. सारा माल शेतातून, गोठ्यातून किंवा ओढ्याकाठच्या दरडीतून येई. विकत घेण्यासारखे त्यात काही नव्हतेच, म्हणून हे काम विकणाराही कोणी नव्हता. दिवाळी, आखाजी, लग्न किंवा बाळंतपण आले की घर सारवून निघे.

हे काम बायकांचे होते, आणि ते कौशल्याचे होते. काला किती पातळ ठेवायचा, कोणती माती वाळल्यावर पोपडे धरते, कोपऱ्यात हात कसा वळवायचा, हे आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे जाई. मजुरी नसल्यामुळे त्याची गणना कारागिरीत झाली नाही. हा हिशेबातला मोठा अन्याय आहे, कारण पूर्ण घर सारवणे म्हणजे पाणी वाहण्यापासून माती खणण्यापर्यंत कित्येक दिवसांची मेहनत होती.

घर नव्याने उभारायचे असेल तेव्हा मात्र एका कुटुंबाचे हात पुरत नसत. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत त्यासाठी लाह होती. ज्याचे काम त्याने बोलवायचे, गावाने येऊन एक दिवस राबायचे आणि घरधन्याने जेवू घालायचे. पैशाचा व्यवहार नाही, पण उद्या दुसऱ्याच्या लाहेला जाण्याचे बंधन पक्के. स्वतः करणे आणि मजूर लावणे यांच्या मधली ही तिसरी वाट लिंपणालाही उपयोगी पडे.

घर रंगवायला तज्ज्ञ बोलावण्याची या मुलखाजवळची एक जुनी रीत मात्र डोंगरातच दिसते. नर्मदेपलीकडच्या छोटा उदेपूर आणि अलिराजपूर भागांतल्या राठवा व भिलाला घरांत पिठोरा, म्हणजे देवांचे भित्तिचित्र, लिहिला जातो. लिहिला जातो, काढला जात नाही. म्हणूनच लिहिणारा तो लखारा. आजारपण, गुरांची मर, पिकाची नासाडी अशा संकटात घरधनी पिठोरा देवाला नवस बोलतो आणि तो फेडण्यासाठी लखाऱ्याला बोलावतो. ओसरीच्या भिंती आधी घरच्या मुली शेणाने आणि पांढऱ्या मातीने तयार करतात. त्या भिंतीवर देवांचे घोडे लिहिण्याचा अधिकार मात्र लखाऱ्याचा. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात, कुंचला काडी ठेचून केलेला असतो. चित्र पुरे झाले की बडवा, म्हणजे पुजारी, ते तपासतो, आणि एखादा देव राहून गेला असेल तर तो लिहून घेतो.

इथे भाड्याच्या हाताचे कारण कष्ट वाचवणे हे नाही. चुकलेल्या चित्राची जबाबदारी घरधन्याला पेलणारी नसते, म्हणून ती जाणत्याकडे सोपवली जाते. एकाच भिंतीवर घरचा हात आणि बाहेरचा हात यांची इतकी स्पष्ट विभागणी क्वचितच सापडते. ती बाईला चित्रापासून दूर ठेवणारीही होती. बाईच्या हाती चित्र आले ते भिंतीबाहेर, कागदावर. झाबुआतल्या पिटोल गावच्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला गेल्या, तिथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागदावर चित्रे काढायला लावली आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2023 मध्ये हा सन्मान छोटा उदेपूरचे पिठोरा चित्रकार परेश राठवा यांना मिळाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे, डहाणूकडच्या वारल्यांत, रीत याच्या उलट होती. तिथे लग्नाचा चौक सवाष्णी लिहीत, आणि पुरुषांचा हात त्या कलेत ठळकपणे आला तो 1970 नंतर, जिव्या सोमा मशे यांच्यापासून.

सपाटीवरच्या गावांत आणि शहरात कामाची वाटणी चुन्याने बदलली. तापीच्या गाळात आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजले की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवताना उकळतो, अंगावर उडाला तर कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. विझवलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून भिंतीवर पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. तो धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा मीठ घालत, पांढरेपणासाठी नीळ. भट्टीपाशीच हे काम घराबाहेर गेले, तरी सफेदी करणे अवघड नव्हते. कित्येक कुटुंबे चुना विकत आणून कुंचा स्वतःच फिरवत. वाड्यांच्या उंच भिंतींसाठी मात्र परांची बांधणारा माणूस लागे. सुरतेहून अमळनेरकडे जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास नंदुरबारवरून धावू लागली आणि बाहेरचा माल मिळणे सोपे झाले.

1953 मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घराच्या आतल्या भिंतीवर आणखी एक परका हात आला. कर्मचारी पंप घेऊन घरोघर डीडीटी फवारत. औषध भिंतीवर अडीच-तीन महिने टिकायला हवे, म्हणून फवारणीनंतर सारवू नका, असे सांगितले जाई. सण आला की बायका सारवत, आणि औषध मातीखाली गाडले जाई. या विसंगतीचा दोष अनेकदा लोकांच्या अडाणीपणावर टाकला गेला, आणि तो अयोग्य होता. सारवण थांबवले तर मातीची भिंत खराब होत जाते.

पेंटरचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो सिमेंट आणि कारखान्यातल्या रंगामुळे. 1942 मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांनी रंग लहान डब्यांतून गावोगाव पोहोचवला. डिस्टेंपर, ऑइलपेंट, पुढे प्लास्टिक इमल्शन आले. या रंगांची शिस्त वेगळी आहे: आधी खरवडणे, पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि मग दोन हात. एक पायरी चुकली की पोपडे निघतात. मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट दिला तर तो आतली वाफ कोंडतो आणि मातीसकट सुटतो, म्हणून जुनी भिंत आणि नवा रंग यांचे कधी जमले नाही. मजुरी चौरस फुटावर, कधी मालासकट, कधी मालाशिवाय, असा हिशेब रूढ झाला.

सरकारी घरकुलांनी ही सिमेंटची भिंत डोंगरात नेली. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मैदानी भागासाठी 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागासाठी 1 लाख 30 हजार रुपयांचे साहाय्य ठरले, शिवाय रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी. घर लाभार्थ्यानेच बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही, असा तिचा नियम आहे. लाहेच्या मुलखाला हा नियम नवा नाही. नवे आहे ते विकतचे सामान. एवढ्या रकमेत गिलावा पुरा झाला तरी रंगाला पैसे उरणे कठीण जाते, आणि मग ब्रश घरच्याच हाती येतो.

आजचा निर्णय करताना दोन गोष्टी जुन्या हिशेबात नव्हत्या. एक, उंची: दुमजली घराच्या बाहेरच्या भिंतीला परांची आणि सरावाचा माणूस लागतोच. दुसरी, शिसे. घरगुती रंगात दशलक्षात 90 भागांहून अधिक शिसे नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासला तर धूळ लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते. तो ओला करूनच काढावा आणि त्या वेळी मुलांना घरात ठेवू नये, मग काम पेंटर करो वा घरधनी. एका खोलीला चुना किंवा डिस्टेंपर देणे मात्र कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

12 जानेवारी 2021 रोजी खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला. तो डब्यात मिळतो आणि ब्रशने लावतात. सातपुड्याच्या पाड्यांवर आजही पुढची खोली विकतच्या रंगाची आणि मागची चूल-ओटा शेणाने सारवलेला, अशी घरे आहेत. पुढच्या खोलीला पाच-सात वर्षांनी एकदा हात लागतो, चुलीच्या ओट्याला दर आठवड्याला.