डालगें, वाघूर आणि तारेची जाळी



जुन्नरचें नांव निघालें कीं शिवनेरी व नाणेघाट यांची आठवण होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु जो इतिहास राजांच्या हातून न घडतां शेतकऱ्याच्या परसांत घडला, त्यासंबंधीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. माझा विषय आहे कोंबड्यांचें कुंपण. ज्या नदीचें नांवच कुकडी, तिच्या काठीं तरी तो अस्थानीं ठरूं नये. वर्गांत हें नांव उच्चारलें कीं मुलें हटकून हंसत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

'कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं' ही म्हण शहरांतही चालते. पण कोंबडें झांकतात तरी कशाखालीं? तें झांकतात डालग्याखालीं. बांबूच्या कामट्यांचें, घुमटासारखें विणलेलें हें डालगें दिवेलागणीला कोंबड्यांवर पालथें घालावयाचें, वर धोंडा ठेवावयाचा, आणि तें ओसरीवर माणसांच्या उशाशीं असावयाचें. दिवसभर कोंबड्या उकिरड्यावर व खळ्यावर मोकळ्या. घराभोंवतीं बाभळीच्या काट्यांची वई, कोठें निवडुंग, कोठें शेर. वईनें गुरें अडत; मुंगूस व रानमांजर कांहीं अडत नसत, आणि घार तर वरूनच येई. दिवसां एखादें पिलूं जावयाचें, हें धरलेलेंच असे. खरें रक्षण रात्रीचें, आणि तें कुंपणानें नव्हे, आच्छादनानें होई. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा.

धनगराची रीत निराळी. मेंढरें शेतांत बसवावयाचीं असलीं म्हणजे तो भोंवतीं खुंट्यांवर दोरीचें जाळें ताणतो. त्यास वाघूर म्हणतात. ऐकणाऱ्यास वाटतें कीं शब्दांत वाघ आहे. वास्तविक तो संस्कृत 'वागुरा' यापासून आला, आणि वागुरा म्हणजे हरणें धरावयाचें जाळें. शिकाऱ्याचें साधन मेंढपाळाकडे आलें आणि बाहेरचें पकडण्याऐवजीं आंतलें राखूं लागलें. अर्थात् वाघुरीचें खरें बळ दोरींत नसून तिच्याशेजारीं जागणाऱ्या माणसांत व कुत्र्यांत असतें. पश्चिमेकडील महादेव कोळ्यांच्या गांवांतून वाघोबाचीं ठाणीं आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. जनावर शेजारींच राहणार, हें तेथें गृहीत आहे.

तारेची जाळी मात्र परदेशची. १८४४ सालीं इंग्लंडांतील नॉर्विच येथें चार्ल्स बार्नार्ड यानें कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तार विणणारें यंत्र सिद्ध केलें. षट्कोनी घरांची कोंबडीजाळी त्याच वंशांतील. काटेरी तारेचें प्रसिद्ध पेटंट जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्यास १८७४ सालीं मिळालें. ज्या देशांत हीं साधनें जन्मलीं, तेथें बिबट्या नव्हता. कोंबडीस आंत ठेवण्यास ती पातळ जाळी पुरते. पंजा बाहेर ठेवण्यास पुरत नाहीं.

हें उघडकीस आलें तें पाण्यामुळें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुकडी प्रकल्पाचीं कामें सुरू झालीं. येडगांव, वडज, माणिकडोह, पिंपळगांव जोगे व डिंभे हीं धरणें झालीं. बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला, जुन्नरांत विघ्नहर व आंबेगांवांत भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आले. पाण्याच्या मागोमाग कुटुंबेंही गांवठाण सोडून मळ्यांतील वस्तीवर गेलीं. उंसांत सावली, ओलावा, आणि महिनोन् महिने माणसाचा वावर नाहीं. बिबट्याच्या मादीस पिलें घालण्यास याहून सोयीची जागा कोणती? शेजारच्या अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांत दर १०० चौरस किलोमीटरांत सुमारें ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारांत पाळीव प्राणीच बहुतेक, आणि वजनाच्या हिशेबानें एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के.

मग उपाय निघाला जनावर हलविण्याचा. फेब्रुवारी २००१ पासून शेतांत धरलेले बिबटे सरासरी ४० किलोमीटरांवरील जंगलांत सोडण्यांत येऊं लागले. हेतु चांगला होता. परंतु जुन्नर वन विभागांत पूर्वीं वर्षास सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले त्यानंतर १७ वर गेले. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अत्रेया यांच्या निबंधांत हे आंकडे आहेत. परक्या मुलखांत टाकलेलें जनावर बिथरतें, आपल्या जागेकडे परतूं पाहतें, आणि वाटेंत माणसें असतात. माझ्या मतें या सबंध हकीगतींत याहून महाग पडलेली गोष्ट दुसरी नाहीं.

इकडे परसांतील डालगें केव्हांच गेलें होतें. कोंबड्या घरामागें, उंसाच्या कडेला, पातळ जाळीच्या खुराड्यांत आल्या. आणि खुराडें लावण्याचें काम बहुधा घरांतील पोराकडे किंवा आजीकडे. तेंही नेमकें तिन्हीसांजेला, म्हणजे बिबट्या उंसांतून निघतो त्याच वेळीं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड-जांबूत परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसें गेलीं. त्यांत दोन मुलें व एक वृद्धा होती. तेव्हां कोंबडीचा प्रश्न अंड्यांच्या हिशेबाचा राहत नाहीं.

खुराडें कसें असावें, तें आतां सांगतों. भिंतीएवढेंच महत्त्व छपराला. उघड्या माथ्याचें कुंपण बिबट्यास एका उडीचें. जाळी जाड तारेची, सांधे जोडलेली असावी, आणि खालचा हातभर भाग मुंगसाचें डोकें न शिरेल इतक्या बारीक घरांचा. तिची कड वीतभर जमिनींत पुरून बाहेरच्या बाजूस वळवावी, म्हणजे उकरणारें जनावर तारेवरच अडतें. कडी खटका देऊन बसणारी हवी. खुराडें घराच्या भिंतीस लागून, दार अंगणाकडे, आणि उंसाकडे पाठ. दार लावावयाचें तें ऊन असतांना, आणि तें घरांतील मोठ्या माणसानें.