सिम्प्युटरची यादी

मंडळी, 'सिम्प्युटर' हे नाव तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय? घरातल्या नातवंडांना विचारलंत तर कुठल्या खाऊचं नाव वाटेल त्यांना! स्मार्टफोन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी, तळहातावर मावणारं आणि इंटरनेटला जोडता येणारं हे यंत्र आपल्याच देशात, बंगळूरला तयार झालं होतं.

१९९९ साली भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय, रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे वगैरे मंडळींनी सिम्प्युटर ट्रस्ट काढला. साधा, स्वस्त, अनेक भाषा जाणणारा लोकांचा संगणक करायचा, हा हेतू. किंमत धरली होती ९००० रुपयांच्या आसपास. एप्रिल २००१ मध्ये पहिला नमुना लोकांपुढे आला.

मला यंत्रापेक्षा त्यामागची यादी जास्त आवडते. खेड्यातल्या माणसाला काय लागेल, याचा विचार करून केलेली ती यादी. वीज जाते, तर सेलवर चालू दे. टेलिफोनची तार जोडून इंटरनेट मिळू दे, मोडेम आतच असू दे. कीबोर्ड नको, पडद्यावर काडीने टेकवलं की झालं. विंडोजचे पैसे नकोत, लिनक्स घ्या. आणि एवढे रुपये एकट्याला कुठले परवडायला? म्हणून स्मार्ट कार्डाची खाच ठेवली! यंत्र गावात मिळून एक, कार्ड मात्र ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घालायचं, काम झालं की काढून घरी न्यायचं.

शिवाय वाचता न येणाऱ्याला यंत्राने मजकूर वाचून दाखवायचा. त्यासाठी हिंदी आणि कन्नडमध्ये बोलणारी 'ध्वनी' नावाची प्रणाली केली गेली. मी काही वर्षं संध्याकाळी प्रौढ साक्षरता वर्ग घेत असे. तिथल्या बायकांना जोडाक्षरांपर्यंत यायला वर्ष लागे, पण सावकाराचा कागद आजच्या आज वाचून हवा असे. तोवर भरवसा कुणावर ठेवायचा, ही त्यांची खरी अडचण. म्हणून यादीतली ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते.

पुढे काय झालं? एप्रिल २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आला. सगळ्यात साधा दहा हजारांच्या जरा आत, रंगीत पडद्याचा बराच महाग. हातात तिरका केला की पान उलटायचं, ही गंमत त्यात तेव्हाच होती! कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी तो वापरला गेला. पण २००५ पर्यंत चार हजारसुद्धा खपले नाहीत. खूप विकल्याशिवाय किंमत उतरेना आणि किंमत उतरल्याशिवाय कुणी घेईना.

तेवढ्यात मोबाइल आला. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. जुलैमध्ये रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोकियाचा बॅटरीवाला ११०० आला. मुंबईला गेलेल्या मुलाचा आवाज ऐकायला मिळतोय म्हटल्यावर सिम्प्युटरसाठी कोण थांबणार?

असो. आज त्या यादीतलं जवळजवळ सगळं फोनमध्ये आहे. फोन मराठीत बोलतो, मराठी ऐकतो. मागे पडली ती कार्डाची कल्पना. अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो मुलाच्या खिशात. बँकेचं खातं आईचं, पण ओटीपी येतो मुलाच्या फोनवर. पैसे जमा झाले का, हे तिने त्यालाच विचारायचं. म्हणजे माझ्या वर्गातल्या बायकांची अडचण होती तिथेच राहिली की!

मला कुणी विचारलं, फोनमध्ये अजून काय हवं, तर मी तीच खाच मागेन. फोन घराचा असू दे, पण आईचं कार्ड तिच्या बटव्यात राहू दे.

तुमच्या यादीत काय आहे? जरूर कळवा.